खटल्यानंतरची पस्तीस वर्षं

चि. बाळ,


तुझी नेमणूक ग्रामीण रुग्णालयात झाल्याचं दादानं कळवलं. सक्तीच्या ग्रामीण सेवेच्या बॉन्डचे पैसे भरून मोकळं व्हावं आणि घरी बसून पीजीचा अभ्यास करावा, असं तुझ्या मनात घोळतंय, हेही तो म्हणाला. निर्णय तुझाच. पण त्याआधी डॉ. रखमाबाईंचं आयुष्य एकदा नीट वाचावंस, असं मला वाटतं.

रखमाबाई म्हटलं की लोकांना खटला आठवतो. १८६४ साली मुंबईत जन्म, अकराव्या वर्षी लग्न. आई जयंतीबाई स्वतः सतराव्या वर्षी विधवा झालेल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं आणून घरी शिकल्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी, बायकोनं नांदायला यावं म्हणून, हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी बजावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बावीस वर्षांच्या त्या मुलीनं कैद पत्करायची तयारी दाखवली. टिळकांसारखा नेता विरोधात उभा होता, तरी ती मागे हटली नाही. अखेर १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. पुढे १८९१ च्या कायद्यानं मुलींचं संमतिवय दहावरून बारावर गेलं, त्यामागे या खटल्यानं पेटलेली चर्चाही होती.

ही हकीकत अनेकांना ठाऊक असते. त्यानंतर रखमाबाईंनी काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही, आणि तुझ्या कामाचं तेच आहे.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसा उभा केला आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. एडिंबरा, ग्लासगो, ब्रुसेल्सपर्यंत जाऊन परीक्षा दिल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांचं नाव इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनाही ठाऊक होतं. तरी त्या परतल्या आणि सुरतच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या, नंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात. एकूण पस्तीस वर्षं! पडद्यातल्या बाया परपुरुषाला नाडीसुद्धा दाखवत नसत, त्या काळी बाई डॉक्टर असणं हाच कित्येकींसाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. या काळात खटल्याच्या वेळचा गाजावाजा नव्हता. रोज पेशंट तपासायचे, रात्री-अपरात्री बाळंतपणं करायची, हाच दिनक्रम. मला त्यांचं मोठेपण इथे जास्त दिसतं. एकदा ठाम ‘नाही’ म्हणायला धैर्य लागतंच. पण मिळवलेलं स्वातंत्र्य इतकी वर्षं दुसऱ्या बायकांसाठी खर्च करायला त्याहून मोठी निष्ठा लागते.

मी जन्मभर बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते, म्हणून चार गोष्टी हक्कानं सांगते. पेशंटच्या सासूला बाहेर घालवू नकोस. तिला बसवून घे, सुनेला रक्त का चढवायचं ते समजावून सांग. पटलं तर तीच गावातल्या इतर सुनांना घेऊन येईल. कळा सुरू झालेल्या बाईचा पार्टोग्राफचा तक्ता वेळच्या वेळी भर, रात्रीचा मागाहून सकाळी भरू नकोस. रेफर करताना कोणतं औषध किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर लिही, आणि ॲम्ब्युलन्स निघण्याआधी पुढच्या हॉस्पिटलला स्वतः फोन कर. सिस्टर आणि आशाताई काही सांगायला आल्या, तर हातातलं काम थांबवून ऐक. बाई नुसती गप्प झाली किंवा तिचा रंग बदलला, तर ते आधी त्यांच्याच लक्षात येतं.

आणि एक. सेवा म्हणजे निमूट सोसणं, असं मात्र समजू नकोस. क्वार्टरला कडी नसेल, रात्रीच्या ड्युटीला सोबत नसेल, कुणी अरेरावी केली, तर लेखी तक्रार कर आणि तिचा पाठपुरावा सोडू नकोस. रखमाबाईंनीही अन्यायापुढे मान तुकवली नव्हती. निवृत्तीच्या सुमारासही, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १९५५ मध्ये, नव्वदीत, त्या गेल्या.

पीजी कर, अवश्य कर. रखमाबाईंनीही जमेल तेवढं उच्च शिक्षण घेतलंच होतं. पण आधी हे ग्रामीण सेवेचं वर्ष पुरं कर. पुस्तकात वाचलेला रक्तस्राव आणि समोरच्या बाईचा रक्तस्राव यांतला फरक तुला तिथेच कळेल. पैसे भरून सुटू नकोस. ठरल्या तारखेला रुजू हो.

तुझी,
आत्या