उदासीन अणूंमधील आकर्षण

आर्गॉन हा वायू सहसा कोणत्याही मूलद्रव्याशी संयोग पावत नाही. त्याचा अणू विद्युत्‌दृष्ट्या उदासीन असतो. इलेक्ट्रॉन देण्याची वा घेण्याची त्याला गरज नसते. तरीही सामान्य दाबाखाली उणे १८६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यास तो द्रवरूप होतो. परस्परांशी काहीही देणेघेणे नसलेले हे अणू एकत्र राहतात तरी कशाच्या बळावर?

वायूच्या रेणूंमध्ये आकर्षण असले पाहिजे, हा विचार योहानेस व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने १८७३ साली, म्हणजे आर्गॉनचा शोध लागण्याच्याही आधी, आपल्या प्रबंधात मांडला होता. मात्र या आकर्षणाचे मूळ उलगडण्यास १९३० साल उजाडावे लागले. ते काम फ्रिट्झ लंडन यांनी केले.

अणूतील इलेक्ट्रॉन स्थिर नसतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूस किंचित अधिक असतात. ती बाजू ऋण व विरुद्ध बाजू धन होते. त्याचा परिणाम शेजारच्या अणूतील इलेक्ट्रॉनांवर होतो आणि समोरासमोरच्या बाजू विरुद्ध भाराच्या बनतात. पुढच्याच क्षणी हे चित्र पालटते. मग आकर्षणही नाहीसे व्हावयास नको काय? नाही, कारण दोन्ही अणूंतील बदल एकमेकांच्या अनुरोधाने होतात आणि सरासरीने आकर्षणच शिल्लक उरते. याला ‘बंध’ म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही. येथे इलेक्ट्रॉनांची देवघेव नाही, भागीदारीही नाही.

इलेक्ट्रॉन जितके अधिक व केंद्रापासून जितके दूर, तितके ते सहज ढळतात. दोन इलेक्ट्रॉनांचा हेलियम उणे २६९ अंशांना उकळतो, तर चौपन्न इलेक्ट्रॉनांचा झेनॉन उणे १०८ अंशांना.

अंतर दुप्पट झाले की या आकर्षणाची ऊर्जा चौसष्टपटींनी घटते. म्हणून त्याचा प्रभाव अगदी निकटच्या स्पर्शातच जाणवतो. भिंतीवरील पाल नेमका असाच स्पर्श साधते. तिच्या बोटांखालील सूक्ष्म केसांची टोके पुन्हा असंख्य शाखांत विभागलेली असतात. पाण्याला चिकटू देणारा पृष्ठभाग असो वा न देणारा, या केसांची पकड जवळजवळ सारखीच राहते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. तेव्हा ही पकड मुख्यतः याच बलाची ठरते. केसांचा भिंतीशी असलेला कोन वाढला की ती सुटते आणि पाल पुढचे पाऊल टाकते.