अळी थर्माकोल खाते, पण पचवतं कोण?



कचऱ्याचा पाठ शिकवताना एखादं मूल हमखास विचारतं, "बाई, अळ्या प्लास्टिक खातात ना? मग कचरा टाकला तर काय बिघडलं?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तयार हवं.

मीलवर्म ही एका भुंगेऱ्याची पिवळसर अळी. ती साठवणीच्या धान्यात, पिठात सापडते. २०१५ मध्ये चीन आणि अमेरिकेतील संशोधकांनी या अळ्यांना फक्त थर्माकोल खायला दिला. अळ्या महिनाभर जगल्या! पोटात गेलेल्या थर्माकोलमधला जवळजवळ निम्मा कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडला. म्हणजे नुसते तुकडे झाले नाहीत, पचनही झालं.

हे कसं घडतं? थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचे रेणू मण्यांच्या लांबच लांब माळेसारखे असतात. अळी चावून बारीक तुकडे करते. माळ तोडण्याच्या कामात तिच्या आतड्यातले जिवाणू मदत करतात. पुरावा काय? जिवाणू मारणारं औषध अळ्यांना दिलं, तेव्हा माळ तोडण्याची त्यांची ताकदच गेली. मग संशोधकांनी आतड्यातून एक्सिग्युओबॅक्टेरियम गटातला जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्याने एकट्याने ६० दिवसांत थर्माकोलचं वजन ७.४ टक्क्यांनी घटवलं. म्हणजे अळीच्या पोटात काम भराभर होतं, बाहेर मात्र फारच हळू.

आता मुलांना हे गणित घाला. १०० अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खातात. आपण ३६ धरू. एक किलो, म्हणजे १०,००,००० मिलिग्रॅम संपवायला किती दिवस लागतील? भागाकार केला की उत्तर येतं सुमारे २७,७७८ दिवस, म्हणजे जवळपास ७६ वर्षं! तेवढ्यात वर्गातली मुलं आजी-आजोबा होतील.

शिवाय अळीच्या विष्ठेत न पचलेले प्लास्टिकचे बारीक कण उरतातच. म्हणून अळ्या कचऱ्यावर सोडणं हा उपाय नाही. त्यांच्या पोटात माळ तोडणारी विकरं कोणती, ती कारखान्यात वापरता येतील का, हा शोध चालू आहे.

तोवर उत्तर एकच: अळी शिकवते, पण कचरा कमी आपणच करायचा. हे गणित वर्गात, घरी नक्की करून पाहा. मुलं स्वतः काढलेलं उत्तर विसरत नाहीत.