फ्लायव्हील हलकं करून घेण्याआधी

यामाहा आरएक्स शंभरचा मॅग्नेट, म्हणजे तिचं फ्लायव्हीलच, लेथवर कापून घ्यायचा आणि गाडीला पिकअप आला म्हणायचं, ही हौस आपल्याकडे जुनी. ती गाडी 1985 ला आली, 1996 ला बंद झाली. हौस मात्र चारचाकीत उतरली. आता टर्बोच्या गाड्या घरोघरी आल्यात, क्वचित एखादा सुपरचार्जर बसवलेली स्पोर्ट्स गाडीही बाळगतो, आणि त्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘फ्लायव्हील हलकं करून घे’. हा सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. उरलेलं अर्धं कळेपर्यंत क्लच आणि गिअरबॉक्सचं बिल हातात आलेलं असतं, म्हणून हे लिहितो आहे. फ्लायव्हीलचं वजन इंजिनाच्या ताकदीवरून ठरवायचं नसतं, गाडी रोज कशी चालते यावरून ठरवायचं असतं. परभणी जिल्ह्यात रोज फिरणाऱ्या गाडीचं फ्लायव्हील बहुतेक वेळा आहे तसंच ठेवावं, असं माझं मत आहे.

फ्लायव्हील करतं काय, हे गोठ्यातल्या कडबा कुट्टीवर जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं गाडीच्या बॉनेटखाली दिसत नाही. ज्वारीच्या धाटाचा शेंड्याकडचा भाग कापताना चाक हलकं असलं तरी निभतं. बुडख्याकडचा जाड भाग, त्यात पेऱ्याची गाठ पात्याखाली आली, की नुसता हाताचा जोर पुरत नाही. तिथं चाकानं आधी पोटात साठवलेला जोर कामाला येतो. विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचंही तसंच. दोन फेऱ्यांत एकदा भडका उडतो, म्हणजे कमाई अर्ध्या फेऱ्याची आणि खर्च दोन फेऱ्यांचा. मधला दीड फेरा ते जड चाक ओढून नेतं. वजन काढलं म्हणजे ही शिल्लक काढली. इंजिनाची ताकद त्यानं रतीभरही वाढत नाही.

मग पिकअप वाढल्यासारखा वाटतो तो भास का? नाही, भास नाही, आणि इथं थोडा हिशेब केलाच पाहिजे. 28 सेंटिमीटर व्यासाची, 10 किलोची सपाट तबकडी धरा आणि ती सगळीकडून सारखी कमी करून 5 किलोची करा. पहिल्या गिअरला इंजिनाचे 14 फेरे झाले की गाडीच्या चाकाचा एक होतो, आणि चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर आहे असं समजा. या बेतानं पहिल्या गिअरात गाडी वेग घेताना तिच्यावरचं साधारण 107 किलो वजन उतरवल्यासारखा फरक पडतो. म्हणजे दीड माणूस खाली उतरला! दुसऱ्या गिअरात, साडेसात फेऱ्यांच्या आसपास, हाच फरक 30 किलोवर येतो. टॉपला, तीन-सव्वातीन फेऱ्यांना, जेमतेम साडेपाच किलो. वसमत रोडला टॉप गिअरमध्ये ओव्हरटेक करताना जो फायदा मिळेल, तो डिकीतली पाण्याची कॅन घरी ठेवूनही मिळतो. हा फायदाही वेग वाढत असतानाच. एका वेगानं चालताना तो शून्य. शिवाय किती किलो काढले यापेक्षा कुठून काढले हे मोठं. कडेचा एक किलो मध्याकडून अर्ध्या अंतरावरच्या किलोच्या चौपट भारी पडतो.

यावर रेसच्या गाड्यांचा दाखला दिला जातो. त्या हलकंच चाक वापरतात, बरोबर. पण त्या सतत वरच्या फेऱ्यांत असतात, त्यांचे गिअर एकमेकांना लागून असतात, आणि क्लच हा त्यांच्यासाठी झिजवून बदलायचा माल असतो. आपली गाडी गाळप हंगामात गंगाखेडच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात हाफ क्लचवर सरकत असते. फ्लायव्हील त्या घासण्याची उष्णताही पिऊन घेतं. मे महिन्यात पारा 42 च्या वर असताना पातळ केलेलं चाक लवकर तापतं, मग क्लचप्लेट जळाल्याचा वास येतो. ‘कंपनी मुद्दाम जड देते’ असंही म्हणतात. ज्या कंपन्या मायलेजसाठी ग्रॅम ग्रॅम मोजतात, त्या फुकटचं लोखंड कशाला फिरवतील?

तिसरा आक्षेप खरा अभ्यासू आहे: हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाला खालीच जोर असतो, मग शिल्लक हवी कशाला? सुपरचार्जरच्या बाबतीत मी हे बरंचसं मान्य करतो. तो पट्ट्यानं थेट क्रँकवर फिरतो, त्यामुळे खालच्या फेऱ्यांतही हवा देतो. टर्बो धुरावर फिरतो. खाली धूर कमी, म्हणून दाबही कमी. अशा छोट्या टर्बो इंजिनाचं फ्लायव्हील हलकं केलं, तर गतिरोधकावरून उठताना टर्बोही झोपलेला आणि शिल्लकही संपलेली. गाडी आचके देते, बंद पडते. वरचा गिअर टाकायला जरा उशीर झाला, की फेरे धाडकन खाली येतात आणि दाब पुन्हा उभा करावा लागतो. म्हणून सुपरचार्जरवाल्याला मोजून हलकं चालेल. टर्बोवाल्यानं या फंदात पडू नये.

तरीही करायचंच असेल तर मूळ बिडाचं चाक लेथवर पातळ करू नका, ही माझी एकच अट समजा. बीड ताण सोसत नाही. फेरे दुप्पट झाले की कडेवरचा ताण चौपट होतो, आणि फुटलेलं फ्लायव्हील बेलहाउसिंग फोडून थेट पायांपर्यंत येऊ शकतं. क्लचच्या कामात पृष्ठभाग सपाट करण्यापुरतं घासणं वेगळं, तेही कंपनीनं सांगितलेल्या मापाच्या आत. त्या मॉडेलसाठीच बनवलेलं, घडीव पोलादाचं चाक घ्या, आणि वजन अर्ध्यावर आणण्यापेक्षा चौथाई-तिहाई कमी करून थांबा. प्रेशर प्लेटसकट बॅलन्सिंग करून घ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. ते काढून एकसंध बसवलं, की न्यूट्रलला गिअरबॉक्स डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडतो. ती नुसती आवाजाची तक्रार नाही, स्प्रिंगा गिळत होत्या ते हादरे आता दात्यांवर बसतात.

आणि जुनं फ्लायव्हील भंगारात घालू नका. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागेल.