पाटाचे पाणी

इ. स. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील शेतमालाचे भाव कोसळले. कापूस उदंड पिके. परंतु तो विकून मशागतीचा खर्चही निघत नसे. तेव्हा १९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने कायदा केला. जो कापसाची लागवड कमी करील, त्यास सरकारी अनुदान मिळावयाचे होते. माल घटला की भाव चढेल, हा त्यामागील हिशेब.

आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट परगण्यात मात्र निराळेच घडले. तेथे जमीन मळेवाल्यांची आणि घाम अर्धेलीने राबणाऱ्या कुळांचा. अनुदान मळेवाल्यांच्या हाती पडे. त्यातील वाटा कुळांना द्यावा, असा नियम होता. पण तो अनेकांना मिळालाच नाही. जमीन पडीक राहिल्याने कित्येकांना तर घरदार सोडावे लागले.

अखेर जुलै १९३४ मध्ये टायरॉन्झा गावाजवळ ११ गोरे व ७ कृष्णवर्णीय कष्टकरी एकत्र जमले. वर्णभेद पाळणाऱ्या त्या प्रदेशात त्यांनी एकाच संघात राहून आपल्या हक्कासाठी झगडण्याचे ठरविले.

पाटाला पाणी सोडले, म्हणजे ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. ते तेथवर पोहोचले की नाही, हे पाहणारेही कोणी असावे लागते.