क्षयरोगावरील औषधांस चिनी वनौषधींची जोड
रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून देण्याच्या कितीतरी आधीपासून चिनी वैद्य फुप्फुसाच्या क्षयास ‘फेइ लाओ’ म्हणत व खोकल्यावर ‘बाइ बू’ या वनस्पतीचे मूळ देत. आजही चीनमध्ये आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल या औषधांच्या जोडीला असे काढे दिले जातात. भूक सुधारावी, थकवा उतरावा, हा हेतू. मात्र यासंबंधीच्या बहुतेक चाचण्या लहान व सदोष असल्याने ठाम निष्कर्ष निघत नाही.

काढ्याने खोकला शमला म्हणून सहा महिन्यांचा औषधक्रम अर्ध्यावर सोडल्यास उरलेले जंतू पुढे औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

खरी अडचण यकृताची आहे. वरीलपैकी पहिली तिन्ही औषधे यकृतास अपाय करू शकतात. आणि शक्तिवर्धक म्हणून नावाजलेल्या ‘हो शौ वू’ या मुळीनेही यकृतदाह झाल्याची उदाहरणे आहेत. (वनौषधी निरुपद्रवीच असते, हा समज आपल्याकडेही कमी नाही.) दोन्ही घेणाऱ्या रुग्णास कावीळ झाली, तर दोष कशाचा हे ठरविणे कठीण होते आणि तोवर क्षयाची औषधेही थांबवावी लागतात. यास्तव काढा चालू असल्यास रुग्णाने तो डॉक्टरांपासून लपवू नये. मळमळ होऊन लघवी गडद होऊ लागल्यास त्वरित रक्ततपासणी करून घ्यावी.