एडसेलनंतरची कोर्टिना

मागच्या सेमला मशीन डिझाईनमध्ये केटी लागली, तेव्हा मला रॉय ब्राऊन आठवला. अमेरिकेत फोर्डची एडसेल गाडी त्याने रेखाटली होती. 1957 साली ती मोठ्या गाजावाजात बाजारात आली, सपशेल आपटली आणि 1959 मध्ये बंद झाली. ब्राऊनची रवानगी झाली इंग्लंडला.

तिथे त्याने मध्यमवर्गीय कुटुंबासाठी कोर्टिनाची बॉडी रेखाटली. गणित सरळ होतं: जागा ऐसपैस हवी, पण किंमत आवाक्यात. वजन घटलं की पत्रा कमी लागतो, छोटं इंजिन पुरतं, पेट्रोल वाचतं. म्हणून वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. 1962 ची पहिली कोर्टिना साधारण 800 किलोची, इंजिन 1198 सीसीचं.

पुढे काय काय बदललं बघा. 1964 मध्ये डॅशबोर्डमधून ताजी हवा आत आणि मागच्या खांबांतल्या फटींतून बाहेर. काचा बंद असल्या तरी गुदमरायला नको. 1966 मध्ये बॉडी चौकोनी झाली, 1970 मध्ये कोकच्या बाटलीसारखी कमरेत वळलेली, 1976 मध्ये पुन्हा सरळ रेषांची. इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, ही मांडणी मात्र 1982 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तीच राहिली.

नुसत्या पहिल्या मॉडेलच्याच दहा लाखांवर गाड्या बनल्या. एडसेल काढणारा हात आणि हिची बॉडी काढणारा हात एकच! तेव्हा केटीवाल्यांनो, फॉर्म भरा आणि ड्रॉइंग बोर्डवर नवा कागद लावा.