परदेश-प्रवास आणि इंटरनेटचा दुवा

पूर्वी परदेशी निघालेला व्यापारी शिफारसपत्रे जपून नेत असे. आज मोबाईलमधील सिमकार्डही तितकेच जपावे लागते. पेढीचे व्यवहार, बँकेची संमती व घरची खुशाली ही त्या एका दुव्यावर अवलंबून असतात.

अँटवर्पच्या हिरेबाजारास जाणाऱ्या बंधूंचे उदाहरण घेऊ. तेथे उतरताच स्थानिक सिम घालून भारतीय सिम काढून ठेवणे, ही चूक पुष्कळांकडून होते. आमच्याही हातून ती घडली आणि एका मालाचा इसार दोन दिवस रखडला. कारण उघड आहे. इंटरनेट मिळाले, तरी बँकेचा ओटीपी नोंदलेल्या भारतीय क्रमांकावरच येतो.

यास्तव दोन सिमकार्डे चालणारा फोन घ्यावा. भारतीय सिमवरील रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे, मात्र त्यावरील डेटा बंद ठेवावा. इंटरनेट स्थानिक सिमवर अथवा ई-सिमवर चालवावे. ई-सिम फोनमध्ये उतरविण्यास इंटरनेट लागते, म्हणून ते काम घरीच उरकावे.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिम, वाजवी वापराच्या मर्यादेत, दुसऱ्या सदस्य देशात जादा आकाराविना चालते. स्वित्झर्लंड व ब्रिटन संघाबाहेर आहेत; तेथील दर आधी विचारावेत.

देणे वेळेवर न पोचल्यास समोरच्या व्यापाऱ्यास आपल्या सिमची अडचण दिसत नाही. त्यास केवळ चुकलेला वायदा दिसतो.